लुओमा मालकांची मोटार

हिर्विकोस्की, १२ नोव्हेंबर १९२९

हेल्वीताई,

अक्षर वाचता आलं नाही तर मला बोल लावू नकोस, तावेत्ती लुओमाला लाव. तोच लुओमा गं, नदीपलीकडचा, ज्याच्या घोड्यानं तुझी गवती टोपी खाल्ली होती आणि तू त्याच्या दारात जाऊन कडाकडा भांडून आली होतीस. आता त्याला तावेत्ती म्हणायची सोय राहिली नाही. सगळा परगणा त्याला ‘मालक’ म्हणतो.

काल तरुण मंडळाच्या सभागृहात त्याची सभा झाली. खिडक्यांवर माणसं बसली होती, बाहेर बर्फात उभी होती ती वेगळीच. मला वाटलं होतं ओरडेल. तर तो ओरडलाच नाही. हळू बोलायला लागला, इतकं हळू की लोकांनी खोकणं बंद केलं. अठरा सालच्या आपसातल्या लढाईत गेलेल्यांची नावं घेतली, एकेकाचं शेत कुठं, घोडा कुठला, सगळं तोंडपाठ. अप्पांचं नाव घेतलं तेव्हा आईनं माझा दंड इतका आवळला की अजून काळानिळा आहे. मग म्हणाला, ‘हे मेले, आणि तुम्ही झोपलात.’ बस्स, एवढंच म्हणून थांबला. कितीतरी वेळ थांबला. आणि ताई, सगळं सभागृह उठून उभं राहिलं, मीसुद्धा. कधी उठले ते मला कळलंच नाही.

चळवळीचं नाव ‘जागृती’. काळे सदरे शिवायचं काम आम्हा मुलींकडे आलंय.

सभा संपल्यावर तो आपल्याकडे कॉफीला आला. आईच्या हातचे वेलचीचे पाव एकामागून एक खाल्ले, आणि जाताना वाल्तोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘माझी मोटार हाच चालवेल.’ लोकांनी वर्गणी काढून त्याला मोटार घेऊन दिलीय, काळी, आरशासारखी चकचकीत. आपला वाल्तो, ज्याला गाईचं दावं नीट बांधता येत नव्हतं, तो आता मोटार हाकणार. रात्री झोपलाच नाही तो, कोंबड्या उठायच्या आत काच पुसायला पळाला.

दाजींना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. त्यांच्या पेपरात उद्या आईचे पाव छापून आले तर मी जबाबदार नाही.

तुझी सैमी

ताम्पेरे, १ डिसेंबर १९२९

सैमी,

तुझं पत्र मी नेस्तोरीला सगळं वाचून दाखवलं, पावांसकट. तो हसला आणि म्हणाला, माणूस बोलतो चांगलं यात शंका नाही. लुओमाची भाषणं त्यांच्या कामगारांच्या पेपरासाठी छापखान्यात तोच जुळवतो ना, पेपरवाल्यांना शिव्या घालण्याआधी मूळ मजकूर द्यावाच लागतो. म्हणतो, त्या वाक्यांसाठी छपाईचे खिळे आपोआप हातात येतात, आपल्या पुढाऱ्यांचं भाषण जुळवताना मात्र झोप येते.

तर तुझ्या मालकांचं कौतुक आमच्याही घरात झालं. आता माझं ऐक. त्यानं अठरा सालच्या मेलेल्यांची नावं घेतली, त्यात नेस्तोरीच्या वडिलांचं नाव होतं का? नसणारच. अप्पा ज्या वसंतात याच शहराच्या वेशीवर पडले, त्याच उन्हाळ्यात समोरच्या बाजूनं लढलेले नेस्तोरीचे वडील अप्पांच्या बाजूवाल्यांच्या छावणीत कैदी म्हणून उपाशी मेले. आम्ही दोघांनी लग्न केलं तेव्हा तुमच्याकडून आई आली नाही आणि यांच्याकडून सासूबाई आल्या नाहीत. झोपलेल्यांना उठवायचं म्हणतोस ना बाबा, पण उठून ही माणसं कुणाच्या अंगावर जाणार, एवढं त्याला कुणीतरी विचारा.

देश कुणाच्या हातात जातो ते देशानं बघावं. मला धास्ती वाल्तोची आहे. अप्पा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, माझा हात धरल्याशिवाय झोपायचा नाही. ज्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला त्याच्या मागं तो जातो, तुला माहीत आहे. सैमी, माझा भाऊ सांभाळ. एवढं एकच मागणं आहे माझं. नाताळला त्याला इकडे पाठव, मी त्याला हवं ते करून घालीन.

हेल्वी

हिर्विकोस्की, ११ जुलै १९३०

ताई,

वाल्तो नाताळला आला नाही म्हणून रुसून तू माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. रुसून बस खुशाल, मी लिहिणारच, कारण हे मी कुणाला सांगितलं नाही तर फुटेन.

आम्ही हेलसिंकीला जाऊन आलो. सगळ्या परगण्यातून शेतकरी निघाले, आगगाड्या भरून, ट्रक भरून, घरच्या भाकरी फडक्यात बांधून. शहरातल्या बायका गच्च्यांवरून फुलं टाकत होत्या. टोपीवाले मोठमोठे साहेब पायऱ्यांवर उभे राहून आमची, चिखलाच्या बुटांच्या माणसांची वाट बघत होते. आणि सगळ्यांच्या पुढं ती काळी मोटार, मालक उभे, आणि चाकावर आपला वाल्तो. मान इतकी ताठ की मला हसू येत होतं आणि रडूही.

तुझ्या बाजूचे लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. कुणाकुणाला रात्री घरातून उचलतात, मोटारीत घालून रशियाच्या सीमेपर्यंत नेतात आणि जा तिकडेच म्हणून सोडून देतात. ‘पूर्वेची सफर’ म्हणतात त्याला इकडे, हसत हसत. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण मालकांनी तिथं, एवढ्या लोकांसमोर सांगितलं, ‘माझ्या पोरांनी जे काही केलं असेल ते माझ्या शिरावर. कुणाला पकडायचं असेल तर मला पकडा.’ असं म्हणणारा पुढारी तुमच्याकडे एक तरी दाखव. ताई, मी त्याच्यासाठी आगीतही गेले असते, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बायकाही गेल्या असत्या.

वाल्तो बरा आहे. थोडा वाळलाय. बोलत नाही फारसं, पण मालकांबरोबर राहायचं म्हणजे तोंड बंद ठेवावंच लागतं.

सैमी

ताम्पेरे, ३० नोव्हेंबर १९३०

सैमी,

नेस्तोरीला नेलं होतं. छापखान्याच्या दारातून, संध्याकाळी, मी डबा घेऊन वाट बघत असताना. आठवडाभर मी याचं दार त्याचं दार ठोठावत फिरले. परवा आला. जंगलातून चालत, मग कुणाच्या तरी लाकडं वाहणाऱ्या, घोड्याच्या घसरगाडीवर बसून स्टेशनापर्यंत पोचला.

जिवंत आहे. बरगड्या दुखावल्यात, त्या सांधतील. उजव्या हाताची तीन बोटं गारठून काळी पडली, डॉक्टरांनी कापली. ज्या हातानं तो खिळे जुळवायचा तो हात.

मोटार काळी होती म्हणतो. बाकी काही सांगत नाही, डोळे बांधले होते म्हणतो.

तुझे मालक आता पार्लमेंटात बसतात ना? तुमच्या स्वयंपाकघरातही बसतात. विचार त्यांना. आणि वाल्तोला सांग, मला पत्र लिही म्हणावं.

हेल्वी

हिर्विकोस्की, १४ डिसेंबर १९३०

ताई,

तुझं पत्र वाचून आई चुलीपुढं तशीच बसून राहिली, रस्सा करपला तरी उठली नाही. दाजींना तिनं कधी पाहिलं नाही, पण बोटांचं ऐकून तिनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘कोणत्या हाताची?’ दोनदा विचारलं.

मी गप्प बसले नाही, हे तुला आधी सांगते. मालक रविवारी आले तेव्हा सगळ्यांदेखत विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. उठून त्यांनी फळीवरचं आपलं भजनांचं पुस्तक घेतलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘सैमी, यात माझा किंवा माझ्या माणसांचा हात नाही. चळवळीला बदनाम करायला त्यांच्याच लोकांनी केलं असेल.’ अप्पांचं पुस्तक आहे ते. त्यावर हात ठेवून कोण खोटं बोलेल? माझा विश्वास बसला, ताई. तू तिथं असतीस तर तुझाही बसला असता.

काळ्या मोटारी आता पुष्कळ झाल्यात.

वाल्तोला निरोप दिला. तो जेवणावरून उठून गेला. त्याचं कुठंतरी प्रेमाचं बिनसलंय असा मला संशय आहे, भजनीमंडळातल्या लेंपीकडे तो बघायचा आणि तिनं दुसऱ्याशी जमवलंय. पोर नुसतं झुरतंय. दाजींची बातमी ऐकून तर रात्री सौनाच्या वाफेच्या न्हाणीत एकटाच बसून राहिला, निखारे विझले तरी. त्याला तुझी माया आहे, फक्त लिहायला जमत नाही.

दाजींना काही आठवलं तर कळव. एखादा आवाज, एखादं नाव. मी मालकांना सांगेन, ते शोधून काढतील.

सैमी

ताम्पेरे, १८ जानेवारी १९३१

सैमी,

तुझे मालक शोधून काढतील, हे वाचून नेस्तोरी मोठ्यानं हसला. बरगड्या दुखल्या त्याच्या.

त्याला काही आठवत नाही. मी विचारलं की तो चिडतो, आणि तू त्याला ओळखत नाहीस, तो चिडणारा माणूसच नाही. काल म्हणाला, ‘हेल्वी, हा विषय तू सोड. माझी बोटं गेलीत, तुझं काही गेलेलं नाही, ते तसंच राहू दे.’ मी त्यावर दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. माझं काही गेलेलं नाही म्हणे.

छापखान्यानं त्याला कामावर ठेवलंय, झाडलोटीला. संध्याकाळी घरी बसून डाव्या हातानं खिळे उचलायची सवय करतो. सांडतात, गोळा करतो, परत सांडतात. मी तिकडे बघत नाही.

वाल्तोनं अजून एक ओळ लिहिली नाही. लेंपीचं काय ते मला पटलेलं नाही. सैमी, तू हुशार आहेस, पण तुला जे बघायचं नसतं ते तू बघत नाहीस. लहानपणापासून.

हेल्वी

हिर्विकोस्की, २२ फेब्रुवारी १९३१

ताई,

आधी बस. आणि हे एकटीनं वाच.

यंदा पाद्रीबाबांच्या वार्षिक वाचन-परीक्षेचा मान आपल्या घराला होता. तू गेल्यापासून काही बदललेलं नाही, पाद्रीबाबा तेच, सोलिनबाबा, आणि त्यांच्यासमोर धर्मपुस्तक वाचून दाखवताना लहानथोरांना फुटणारा घामही तोच. आईनं आठवडाभर जमिनीच्या फळ्या घासल्या. सगळी वाडी येऊन बसली, शेजारचे एफ्राइमकाका ऐंशी उलटली तरी पहिल्या बाकावर, ओठ हलवत आज्ञा घोकत. बाबा सकाळी यायचे, दुपार होत आली तरी पत्ता नाही. गेल्या रविवारी देवळात ते ‘पूर्वेच्या सफरी’वर फार कडक बोलले होते, त्यामुळे काहीजण एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एफ्राइमकाका घसरगाडी जोडून शेजाऱ्यांना घेऊन बघायला गेले.

आपलं घर ओलांडून पुढच्या वळणावर मालकांची मोटार बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी. मागच्या बाकावर दोन काळे सदरे, त्यांच्या मध्ये सोलिनबाबा. चाकावर वाल्तो. बाबांना रस्त्यातूनच त्यांच्या घसरगाडीतून उचललं होतं, ताई, सीमेकडे न्यायला. पण एफ्राइमकाकांच्या डोक्यात ते कसं येणार? त्यांना दिसलं की वाचनाचा दिवस आहे आणि पोरांनी बाबांना मोटारीतून आणलंय. ते खूश होऊन म्हणाले, ‘शाबास रे पोरांनो, काय मान दिलात बाबांना. पण घर मागं राहिलं की तुमचं.’

आणि सोलिनबाबा शांतपणे म्हणाले, ‘हो, आम्ही जरा पुढं गेलो.’

एवढं बोलून उतरले आणि काकांच्या घसरगाडीत जाऊन बसले. सगळ्या शेजाऱ्यांदेखत त्यांना कोण खाली ओढणार? पोरांना पळायचं होतं, पण मोटार बर्फात, आणि काका कसले सोडतात. वाचनाच्या घरावरून कॉफी न घेता कुणी पुढं गेलंय का कधी? दंडाला धरून तिघांनाही घरात आणलं. मी दारात उभी होते आणि तुला सांगते, अभिमानानं माझी छाती भरून आली होती. बाबांना मोटारीतून आणलं, आपल्या वाल्तोनं.

मग बाबांनी टोपी काढली तेव्हा दिसलं, कानाजवळ रक्त सुकलेलं होतं. मी विचारणार तोच ते म्हणाले, ‘सैमी, पाणी दे. आणि सुरू करू या, उशीर झालाय.’

पोरं एकेक करून वाचायला लागली. ते दोन काळे सदरे बाकाच्या टोकाला, घोड्याएवढे वाढलेले, आणि बाबांनी नाव घेतलं की ताडकन उभे राहतात. एकाला तिसरी आज्ञा आली नाही. बाबा म्हणाले, ‘दहा वर्षांपूर्वीही तुला हीच येत नव्हती.’ सगळं घर हसलं.

एवढ्यात मालक आले. कुणीतरी पळत जाऊन सांगितलं असणार. बर्फ झटकत आले, सगळ्यांकडे बघून हसले, आईनं त्यांना मानाच्या खुर्चीत बसवून कॉफी दिली. बाबा म्हणाले, ‘तावेत्ती, तूही याच वाडीचा. वाच.’ आणि त्यांनी वाचलं. काय वाचलं ताई. तो आवाज. दोन क्षण मी रक्त विसरले, सगळं विसरले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. अजूनही त्या आवाजाची मला चीड येत नाही, याचीच चीड येते.

त्यानंतर वाल्तोची पाळी आली. पाचवी आज्ञा, खून करू नये ती. त्यानं म्हटली. बाबांनी अर्थ विचारला. बाबा वाट बघत राहिले. आणि वाल्तो पुस्तकाकडे बघत म्हणाला, ‘नेस्तोरी दाजींना मी नेलं. गाडी मी चालवत होतो. मालकांनी सांगितलं होतं. आज बाबांनाही तिकडेच नेत होतो.’

सगळे मालकांकडे वळले. मीही वळले. ताई, मी वाट बघत होते. ‘माझ्या शिरावर’ हे दोन शब्द त्यांनी म्हटले असते ना, तर दाजींची बोटं, बाबांचं रक्त, सगळं असूनही मी कदाचित त्यांच्या मागं उभी राहिले असते. अशी वेडी झाले होते मी.

त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘हा पोरगा माझ्याकडे पगारी होता. रिकाम्या वेळी मोटार घेऊन कुठं उंडारतो मला काय ठाऊक? माझी त्याची तशी फार ओळखही नाही.’

वाल्तोनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याचा चेहरा मी तुला सांगणार नाही. अप्पा गेल्याचा निरोप आला त्या दिवशीचा चेहरा आठव.

आई कॉफीची किटली घेऊन उभी होती. ती खाली ठेवली, मालकांजवळ गेली, आणि त्यांचा अर्धा भरलेला कप उचलून त्यांच्याच बशीत पालथा घातला. पोट भरलं की पाहुण्यानं कप पालथा घालायचा असतो. घरच्या बाईनं पाहुण्याचा कप पालथा घातलेला या वाडीत कुणी पाहिला नव्हता. कॉफी टेबलावरून त्यांच्या मांडीवर सांडली. आई म्हणाली, ‘झाली तुमची कॉफी, तावेत्ती.’

ते उठले. कोट आणून द्यायला कुणी हललं नाही, स्वतःच खुंटी शोधली. दार लागलं, आणि सोलिनबाबांनी पान उलटलं. ‘सहावी कोण म्हणतंय?’ म्हणाले.

वाल्तो संध्याकाळी फौजदाराकडे हजर झाला. बाबा स्वतः त्याच्याबरोबर गेले. मी तुला काय लिहू? तू मला सांभाळायला सांगितलं होतंस.

सैमी

ताम्पेरे, ३ मार्च १९३१

सैमी,

वाचलं. आईला माझा नमस्कार सांग.

त्याचं नाव मला लिहू नकोस. मी त्याच्या पत्राची वाट बघत होते आणि तो माझ्या नवऱ्याला जंगलात टाकून घरी येऊन जेवत होता. माझ्या दारात तो येणार नाही, मी जिवंत असेपर्यंत नाही. नेस्तोरीला मी पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, घडी केली आणि परत दिलं, एक शब्द बोलला नाही. त्याच्या या गप्प बसण्याचाही मला आता राग येतो.

हेल्वी

हिर्विकोस्की, १९ मे १९३१

ताई,

तू नाव लिहू नको म्हणालीस म्हणून दोन महिने लिहिलं नाही. आता लिहावं लागतंय. पण आधी दुसरं सांगते, कारण ते सांगताना मला अजून उड्या माराव्याशा वाटतात.

लुओमा संपला. आणि कुणी मारून नाही, लोक हसले म्हणून. पाद्रीबाबांना पळवून त्यांच्याच वाचनाला आणून पोचवलं, ही गोष्ट आठवड्याभरात परगण्यात पसरली, प्रत्येक गावात थोडी वाढून. आता म्हणे बाबांनी मोटार स्वतः चालवली. मार्चमध्ये त्यानं जत्रेच्या माळावर सभा घेतली. तो हळू बोलायला लागला, नेहमीसारखा, आणि थांबला, नेहमीसारखा. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, ‘मालक, पुढची आज्ञा आठवेना का?’ माळ हादरला हसून. आणि तो ओरडायला लागला. ताई, तो ओरडला, आणि ओरडणाऱ्या लुओमाचा आवाज इतर कुणाच्याही आवाजासारखाच होता. मग तो चहापाण्याच्या तंबूत शिरला, तर बाकावरच्या बायकांनी आपापले कप पालथे घातले. कुणी ठरवलं नव्हतं. मीही घातला, माझा तर पहिलाच घोट व्हायचा होता.

खटला भरलाय. पार्लमेंटातल्या मित्रांना आता त्याची ओळख आठवत नाही. मोटार विकली. शेत मेव्हण्याच्या नावावर करून तो किनाऱ्याकडे राहायला गेलाय. काळे सदरे मात्र सगळ्यांनी जाळलेले नाहीत, काहींनी पेटीच्या तळाशी घालून ठेवलेत. ते दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतायत, हे मला कळतं, मीही त्यांच्यातलीच होते.

आता वाल्तो. खटला जूनमध्ये वासा शहरात चालेल. बाकीचे दोघं सगळं त्याच्यावर ढकलतायत. वकील म्हणतात, दाजींनी येऊन जे घडलं ते सांगितलं तर कोर्टाला खरं कळेल. आई अंथरुणाला खिळलीय, मला तिला सोडून जाता येणार नाही. आणि सुटल्यावर तो कुठं जाणार? जागृतीवाले त्याला फितूर म्हणतात, बाकीचे त्याला पाहून दार लावतात. लेंपीच्या बापानं तर तुरुंगात निरोप पाठवला, गावात पाय ठेवू नकोस म्हणून.

तो तुझ्याबद्दल विचारत नाही. विचारायची त्याची हिंमत नाही. मी विचारते.

सैमी

ताम्पेरे, २१ जून १९३१

सैमी,

आम्ही वासाला गेलो होतो. नेस्तोरी जाणार म्हणाला, मी अडवलं, तरी तो निघाला, मग मीही गेले. मागच्या बाकावर बसले. वाल्तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्या मानेकडे बघत होते.

न्यायाधीशांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं, हे तुम्हाला कधी कळलं? मी मनात म्हटलं, आता सांगेल, मेव्हणीच्या पत्रातून. नेस्तोरी म्हणाला, ‘पहिल्या मिनिटाला.’ डोळे बांधलेच नव्हते त्याचे. म्हणाला, ‘ड्रायव्हर एकदाही वळून बघत नव्हता. परका माणूस असता तर त्यानं कुतूहलानं तरी बघितलं असतं.’

मग बाकीचं सांगितलं. सीमेजवळ दोघांनी त्याला मारून बर्फात ढकललं. गाडी वळताना ड्रायव्हरच्या खिडकीतून लोकरीचे हातमोजे येऊन पडले. ते घालून तो जंगलातून चालत आला. पलीकडे घरांचे दिवे दिसले तेव्हा त्यानं ते काढून ओढ्याच्या बर्फाखाली ढकलले, आणि पुढचा सगळा रस्ता घसरगाडीची कड उघड्या हातानं धरून आला. वकिलानं विचारलं, असं का केलंत? तर म्हणतो, ‘विणकाम सासूबाईंचं होतं. माझ्या बायकोनं आईच्या हातचे टाके लांबून ओळखले असते.’

वाल्तो रडत होता, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं ठेवून. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, आधीची कैद धरून. बाकीच्यांना जास्त.

परतीच्या गाडीत मी नेस्तोरीवर तुटून पडले. डब्यातली माणसं बघत होती, मला भान नव्हतं. म्हटलं, माझ्यापासून लपवायला तीन बोटं घालवलीस? ज्यानं तुला मरायला नेलं त्याच्यासाठी? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, ‘हेल्वी, त्या मोटारीत सगळे माझ्या जिवावर उठले होते. माझं म्हणावं असं तिथं एकच माणूस होतं. सगळा रस्ता मी त्याच्याच मानेकडे बघत बसलो होतो.’

मी कोर्टात दिवसभर तेच करत होते, सैमी. मग मी इतकी रडले की समोरच्या बाईनं मला आपला रुमाल दिला.

तो सुटला की आधी घरी नेऊ नकोस. सरळ इकडे पाठव. मला त्याच्या दोन थोबाडीत मारायच्यात, आणि मग त्याला जेवायला वाढायचंय.

हेल्वी